नाव अहिल्या, गाव चौंडी

'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' ही दोन्ही कामं आपल्याकडे बायकांची समजली जातात. दुसऱ्या कामात आपण किती तरबेज आहोत ते पुरुषमंडळींना विचारावं! पहिल्या कामाचा मान मात्र निर्विवाद आपला. पाळण्यापाशी वाकून बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगायचं ते आत्यानं, आणि ते सांगताना पाठीत धपाटे खायचे तेही तिनंच.

यंदा हा मान माझ्याकडे आला. माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली. कृत्तिकेचा पहिला चरण, मेष रास, म्हणून 'अ' अक्षर निघालं. 'अ'च्या नावांना काय तोटा? मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. माझ्या एकाच तुकडीत दोन अनन्या आणि तीन आरोही आहेत. 'आरोही' म्हटलं की तीन मुली उभ्या राहतात, मग आडनावानं निवाडा करावा लागतो. म्हणून मी वेगळं, जरा विरळा नाव सुचवलं, 'अहिल्या'. आम्ही राहतो नगरला. जिल्ह्यालाच आता हे नाव मिळालेलं, तेव्हा सगळ्यांना पसंत पडेल असं मी धरून चालले होते.

पण फोनवरून एकेक हरकत येऊ लागली. भावजय म्हणाली, "ताई, नाव भारदस्त आहे हो, पण हाक कशी मारायची? 'अहिल्ये, नाक पूस' असं कसं म्हणायचं?" तिच्या माहेरच्या कुणीतरी सांगितलं, "आपल्यात नाही ठेवत हे नाव." आणि आईनं तर निक्षून सांगितलं, "अगं, एक अहिल्या शिळा होऊन पडली, दुसरीनं जन्मभर दुःख भोगलं. लेकराला असलं नाव कशाला?"

भावजयीची हरकत हसण्यावारी नेता आली असती. आईची तशी नव्हती. आपण शिकल्यासवरल्या बायकासुद्धा मुलीचं नाव ठेवताना मनातल्या मनात तिच्या नशिबाचा विचार करतोच की. म्हणून मी ठरवलं, आधी नावाची नीट चौकशी करायची, आणि अहिल्याबाईंचं गाव चौंडी आपल्याच जिल्ह्यात आहे तर तेही एकदा डोळ्यांनी पाहून यायचं.

नावाचा अर्थ पाहू गेलं तर एक नाही, तीन सापडतात. मूळ संस्कृत शब्द 'अहल्या'. 'हल' म्हणजे नांगर. जिला नांगर लागला नाही ती अहल्या, म्हणजे न नांगरलेली, कोरी जमीन. दुसरा अर्थ रामायणाच्या उत्तरकांडात आहे. तिथं 'हल' म्हणजे कुरूपता. जिच्यात कुरूपतेचा लवलेश नाही अशी स्त्री ब्रह्मदेवानं घडवली, म्हणून तिचं नाव अहल्या. तिसरा अर्थ कुमारिल भट्टांचा. ते म्हणतात, अहल्या म्हणजे दिवसा लय पावणारी रात्र आणि इंद्र म्हणजे सूर्य. सूर्य उगवला की रात्र विरते, एवढंच त्या इंद्र-अहल्येच्या गोष्टीत सांगितलं आहे. तमिळमध्ये याच नावाचं 'अकलिगै' झालं, आणि आपल्या मराठी-हिंदी तोंडांत 'अहल्या'ची 'अहिल्या' झाली. शाळेतल्या आमच्या संस्कृतच्या बाई म्हणाल्या, "अहि म्हणजे साप हो!" पण मूळ शब्दात 'अहि' नाहीच, तेव्हा सापाला भिण्याचं कारण नाही.

आता शिळेचं. आपल्याला लहानपणापासून ठाऊक असलेली गोष्ट अशी, की इंद्रानं गौतम ऋषींचं रूप घेतलं, ऋषींनी पत्नीला शाप दिला, ती दगड झाली आणि रामाच्या पायाची धूळ लागून पुन्हा बाई झाली. पण वाल्मीकींच्या बालकांडात ती दगड होतच नाही! तिथं ती आश्रमात कुणाच्या दृष्टीस न पडता, वारा खाऊन, राखेत पडून तप करते. राम-लक्ष्मण आल्यावर ती पुन्हा दिसू लागते आणि ते दोघे तिच्या पायांना हात लावून नमस्कार करतात. दगड आणि पायधूळ पुढच्या काव्यांतून आली आणि कीर्तनांतून घरोघर पोचली. सकाळी स्मरण करायच्या पाच स्त्रियांत अहल्येचं नाव पहिलं घेतात, हेही आपण विसरतो. रोज उठून जिचं नाव घ्यायचं, ते मुलीला मात्र ठेवायचं नाही, हे कसलं गणित?

मार्गशीर्षातल्या एका रविवारी सासूबाई, माझी पाचवीतली लेक आणि मी अशा आम्ही तिघी निघालो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याच्या बाटल्या बरोबर घेतल्या. सासूबाई घरचं खाणं सोडून बाहेरचं काही तोंडात घालत नाहीत.

स्टँडवरच नावांची गंमत सुरू झाली. पाटीवर 'अहिल्यानगर', कंडक्टरच्या तोंडी 'नगर'. घोषणा ३१ मे २०२३ रोजी चौंडीलाच झाली, आणि २०२४ साली नवं नाव अमलात आलं. त्याआधीचं नाव अहमद निजामशहाचं. त्यानं हे शहर वसवलं. पण गावच्या माणसांनी कधी 'अहमद' म्हटलं नाही नि आता 'अहिल्या' म्हणत नाहीत. तेव्हाही 'नगर', आताही 'नगर'. सासरी आलेल्या सुनेचं नाव ताटात तांदूळ पसरून बदलतात आणि घरातले सगळे तिला मग 'वहिनी' म्हणतात, तसलाच प्रकार!

नगरच्या पूर्वेला डोंगरावर एक तीन मजली अष्टकोनी इमारत दिसते. लेकीनं विचारलं, "तो चांदबिबीचा महाल ना?" सगळं नगर तेच म्हणतं. प्रत्यक्षात ती निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची कबर आहे. चांदबिबी ही नगरचीच लेक, हुसेन निजामशहाची. विजापूरला दिली, विधवा होऊन माहेरी आली आणि १५९५-९६ साली अकबराच्या फौजेपुढे तिनं नगरचा किल्ला लढवला. लोकांनी मंत्र्याचं नाव सोडून दिलं आणि त्याच्या कबरीला तिचं नाव चिकटवलं. नावं अशीही ठेवली जातात, कुणाला न विचारता, नुसत्या प्रेमानं.

नगरहून जामखेड पाऊणशे किलोमीटर. वाटेत एक मौज आहे. नगर जिल्ह्यातून नगर जिल्ह्यातच जायचं, पण मध्ये कडा-आष्टी लागतं, आणि ते बीड जिल्ह्यात! दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, मध्येच तुरीची काळपट हिरवी पट्टी, आणि बाकी माळ. हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. नांगर न लागलेली जमीन म्हणजे काय, ते इथं कोशात शोधावं लागत नाही, खिडकीतून दिसतं.

या दोन जिल्ह्यांचे आकडे मात्र मन खट्टू करतात. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली बीड जिल्ह्यात ८०७ होत्या, महाराष्ट्रात सर्वांत कमी. आपल्या नगर जिल्ह्यात ८५२. साऱ्या राज्याची सरासरी ८९४, म्हणजे आपण तिच्याही खाली. त्याच वर्षी सातारा जिल्हा परिषदेनं 'नकुशा', 'नकोशी' अशी नावं असलेल्या अडीचशेहून जास्त मुलींना समारंभानं नवी नावं दिली. नकोशी! मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून ठेवलेलं नाव. ते नाव वर्गात रोज हजेरीला ऐकताना त्या पोरींना काय वाटत असेल! मुलीचं नाव ही साधी गोष्ट नाही, बायांनो. ती घरात आली तेव्हा घराला काय वाटलं, याची ती पावती असते, आणि ती पावती पोर जन्मभर हातात घेऊन फिरते.

जामखेडहून पुढं चौंडी. गाव सीना नदीच्या काठी आहे. हीच सीना आमच्या नगरशहराच्या कडेनं वाहते. तिथं पुलावरून जाताना आम्ही नाकाला पदर लावतो, इथं तीच नदी पाहून सासूबाईंनी हात जोडले.

या गावचे पाटील माणकोजी शिंदे. त्यांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी अहिल्या जन्मली. शिंद्यांची गढी आता दुरुस्त करून चांगली राखली आहे, अहिल्याबाईंच्या आयुष्यातले प्रसंग शिल्पांतून मांडले आहेत. चौंडेश्वरीचं देऊळ आहे, महादेवाचं आहे. त्रिशताब्दीच्या निमित्तानं ६ मे २०२५ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठकच इथं भरली होती आणि स्मारकासाठी ६८१ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर झाला. हे सगळं चांगलंच आहे. पण माझा पाय अडखळला तो गढीच्या दारात. माणकोजींनी त्या काळात लेकीला लिहा-वाचायला शिकवलं होतं, असं सांगतात. अठराव्या शतकातला खेड्यातला पाटील, आणि मुलगी पाटीवर अक्षरं गिरवते आहे! पुढं जे काही झालं, त्याचा पाया त्या ओसरीवर घातला गेला असणार.

मल्हारराव होळकरांनी देवळात ही मुलगी पाहिली, तिचा धीटपणा त्यांच्या मनात भरला आणि १७३३ साली खंडेरावांशी तिचं लग्न लावून दिलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. मुलगी आठ वर्षांची. माझ्या लेकीनं मनातल्या मनात वजाबाकी केली आणि म्हणाली, "म्हणजे माझ्याहून लहान?" मी काय बोलणार? सासूबाई म्हणाल्या, "माझ्या आजेसासूबाई नऊ वर्षांच्या होत्या." मग बराच वेळ आम्ही तिघी काही बोललो नाही.

पुढच्या आयुष्याची यादी आईनं फोनवर म्हणून दाखवली होती ती खरीच आहे. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती गेले. त्या सती निघाल्या होत्या, सासऱ्यांनी गळ घालून परत फिरवलं. १७६६ साली ते सासरे गेले, १७६७ मध्ये मुलगा मालेराव गेला. पुढं नातू गेला, जावई गेले, आणि १७९१ साली मुलगी मुक्ताबाई आईच्या विनवण्यांना न जुमानता सती गेली. जिला सासऱ्यानं चितेवरून मागं ओढलं, तिला आपल्या लेकीला मागं ओढता आलं नाही. हे वाचताना माझ्याही घशाशी आवंढा येतो.

पण यादी इथंच थांबवली तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. १७६७ पासून १३ ऑगस्ट १७९५ ला देह ठेवीपर्यंत अठ्ठावीस वर्षं त्यांनी महेश्वरहून राज्य चालवलं. निपुत्रिक विधवेची संपत्ती सरकारजमा करायची पद्धत त्यांनी चालू दिली नाही, दत्तकाचा अधिकार त्या बाईचा मानला. विणकरांना महेश्वरी आणून वसवलं. आपण हौसेनं घेतो त्या महेश्वरी साड्यांचं मूळ तिथं आहे. त्यांचे काठ दोन्ही बाजूंनी सारखे, उलटसुलट नेसता येतात, आणि किल्ल्याच्या दगडी नक्षीचे नमुने त्यांत उतरलेले आहेत. काशीविश्वनाथाचं देऊळ, गयेचं विष्णुपद, सोमनाथ, आपलं वेरूळचं घृष्णेश्वर, शिवाय वाटावाटांवरच्या विहिरी, बारवा, घाट, धर्मशाळा. यांतलं कितीतरी त्यांच्या स्वतःच्या राज्याबाहेरचं आहे. ज्या वाटेनं आपली प्रजा जात नाही त्या वाटेवरही तहानलेल्याला पाणी हवंच, एवढा साधा विचार! सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२३ साली मध्य हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला. त्यानं माळव्यात हिंडून चौकशी केली, आणि बाईंच्या कारभाराची त्याला मनापासून स्तुती करावी लागली.

मला वाटलं, न नांगरलेली जमीन असा ज्या नावाचा अर्थ, शिळा झालेली बाई अशी ज्याची आठवण, ते नाव चौंडीच्या या मुलीनं घेतलं आणि त्याचा अर्थच बदलून टाकला. आज महाराष्ट्रात 'अहिल्या' म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढं शापाची गोष्ट येते, आणि कितीतरी जास्त लोकांच्या डोळ्यांपुढं हातात शिवलिंग घेतलेली पांढऱ्या वस्त्रातली राणी येते. नाव माणसाला घडवत नाही, माणूस नावाला घडवतो. बिहारात दरभंग्याजवळ अहल्यास्थान आहे, तिथं त्या पहिल्या अहल्येची पूजा होते. दोघींची देवळं झाली, पण दुसरीनं स्वतः देवळं बांधली, हा फरक आहेच ना!

मग हे नाव एवढं विरळा का? संस्थांना ते भरपूर मिळालं. इंदूरच्या विद्यापीठाला १९८८ साली, सोलापूरच्या विद्यापीठाला २०१९ साली, इंदूरच्या विमानतळाला, टपाल तिकिटाला १९९६ साली, मालिकेला २०२१ साली, आणि आता आख्ख्या जिल्ह्याला. पाळण्यातल्या पोरींना मात्र फारसं मिळत नाही. याचं एक कारण मला भावजयीच्या बोलण्यात सापडलं. 'पुण्यश्लोक', 'देवी', 'मातोश्री' असे एवढे मानाचे शब्द आपण त्या नावाभोवती उभे केले आहेत, की ते उचलून धुणं वाळत घालणाऱ्या आईच्या तोंडी द्यायला भीती वाटते. ज्या नावाला हार घातला जातो, त्याला हाक मारता येत नाही.

दुसरं कारण 'आपल्यात नाही ठेवत' हे. खरं सांगायचं तर धनगर समाजानं हे नाव जिव्हाळ्यानं जपलं, आपल्या लेकींना ठेवलं, त्यांची जयंती वर्षानुवर्षं साजरी केली. बाकीच्यांनी 'ते त्यांचं' म्हणून बाजूला ठेवलं. काशीला गेल्यावर त्यांच्या घाटावर पाय ठेवताना कुणी जात विचारत नाही, नाव ठेवताना मात्र आठवते. थोर माणसंसुद्धा आपण अशी वाटण्या करून टाकली आहेत.

आणि हे नाव इतर घरांत कधी नव्हतंच असंही नाही. अहिल्या रांगणेकर आठवतात ना? १९२२ साली पुण्यात रणदिव्यांच्या घरी जन्मल्या, स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेल्या, १९७७ साली मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. १९७२ नंतरच्या महागाईत मृणाल गोऱ्यांच्या बरोबर हातात लाटणी घेऊन हजारो बायका ज्यांच्यामागून रस्त्यावर उतरल्या, त्या याच. त्या २००९ साली गेल्या. राणी नव्हे, संस्थान नव्हे. तेल, साखर, रॉकेलसाठी भांडणारी आपल्यातली बाई. नाव अहिल्याच!

घरी आल्यावर मी आईला हे सगळं सांगितलं. वाल्मीकींच्या अहल्येला राम-लक्ष्मणांनी नमस्कार केला, हे ऐकून ती जरा नरमली. पण म्हणाली, "दुःखाचं काय?" मी म्हटलं, "आई, सीतेच्या नशिबी कुठं सुख होतं? तरी घरोघर सीता आहेतच की. आणि तुझं नाव सुमन, मावशीचं नाव सुखदा. तुमच्या वाट्याला काय कमी आलं?" यावर ती एवढंच म्हणाली, "तू शाळेतली बाई, तुझ्याशी कोण वाद घालणार!" निर्णय मी भावजयीवर सोडला. मान आत्याचा असला तरी जन्मभर हाक मारायची ती तिच्या आईनं. तिनं दोन दिवस विचार केला आणि फोन केला, "ताई, मी तिला घरात 'अहू' म्हणीन. कागदावर अहिल्याच लिहूया." बारशाला मी चार धपाटे खाऊन ते नाव कानात सांगितलं. आई अजून तिला 'छकुली'च म्हणते. म्हणू दे. नावाला रुळायला वेळ लागतो, आमच्या जिल्ह्याचं नाही का अजून 'नगर'!

तुम्हाला चौंडीला जायचं असेल तर हिवाळ्यात जा. फेब्रुवारीनंतर या भागात ऊन मी म्हणतं. ३१ मेला जयंतीचा मोठा मेळा असतो, पण लेकुरवाळीनं ती गर्दी टाळलेली बरी. जामखेडची वाट धरली तर बीड जिल्ह्यातून जाल, सोलापूर रस्त्यानं मिरजगाव-माहीजळगावावरून गेलात तर आपल्याच जिल्ह्यातून. वेळ असेल तर याच तालुक्यातला खर्ड्याचा किल्ला पाहा. मराठ्यांनी निजामाला हरवलं ती लढाई तिथं मार्च १७९५ मध्ये झाली. चौंडीची लेक महेश्वरी वारली ती त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. डबा बरोबर न्या, पाणी जास्त न्या, आणि घरात मुलगी असेल तर तिला जरूर न्या.

पाट्या बदलल्या, हे बरंच झालं. पण पाटीवरच्या अहिल्येला जागा दिली आणि पाळण्यातलीला नाही, असं आपल्या जिल्ह्याबद्दल कुणी म्हणू नये. पुढच्या जनगणनेत तो ८५२ चा आकडा किती वर सरकतो, ते मी बघणार आहे. तुम्हीही बघा.